गोळ्यांचा वानवळा

शेषेरावाला दवाखान्यात भरती करून बारा दिवस झाले. बारा दिवस हाताला सुई, आणि ताप म्हणतो मी काही हलत नाही. सकाळी जरा उतरल्यासारखा वाटायचा, की दुपारी पुन्हा हजर. तोंडात फोड, परसाकडला रक्त, पोटात घोटभर पाणी ठरत नाही. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन दिवसभर कपाशीत चालणारा हा नायगावकडचा गडी, आता त्याला कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची. त्यातल्या त्यात एकच बरं होतं. साडेपाच महिन्यांपूर्वी नांदेडच्या याच दवाखान्यात बसवलेली नवी किडनी अजून चालू होती. त्याची बायको सिंधु रोज लघवीची पिशवी उजेडात धरून बघायची आणि तेवढ्यावर दिवस काढायची.

राउंडला डॉ. सुकन्या मॅडम आल्या. बाई वयानं लहान, पण किडनीच्या दुखण्यात तिचा शब्द म्हणजे शब्द. कागद चाळता चाळता त्यांनी विचारलं, "शेषेराव, किडनी बसवल्यावर त्या गुलाबी गोळ्या दिल्या होत्या. रोज दोन. शंभर दिवस. एखाद्या दिवशी चुकल्या का? खरं सांगा, मी रागावणार नाही."

शेषेरावाला बोलायला त्राण नव्हतं, पण या प्रश्नावर तो चक्क हसला. "चुकंल कशी? हिच्या हातानं खाल्ल्यात मॅडम. मोबाईलचा गजर एकदा चुकंल, ही न्हाई चुकायची."

पलंगाच्या पायथ्याशी त्याची आई केवळाबाई बसली होती. ती लगेच बोलली, "माझी सून हाय म्हनून पोरगा हाय, बाई. सांगते मी."

मॅडमनी सिंधुकडं बघितलं. सिंधुनं मान हलवली. हो म्हणाली की नाही म्हणाली, ते तिचं तिलाही कळलं नाही. पण बघणाऱ्यानं ती हो अशीच घेतली.

"मग ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "गोळ्या पूर्ण घेतल्या असतील तर सुईतून देतोय ते हेच, गोळ्यांतलंच औषध चालू ठेवू, जरा वाढवून. काहींना उतरायला तिसरा आठवडा लागतो. रक्त तपासणीला बाहेर पाठवलंय, विषाणू कुठल्या प्रकारचा आहे आणि या औषधाला दाद देतो का ते कळेल. पण त्या रिपोर्टला अजून तीन आठवडे आहेत."

मॅडम पुढच्या पलंगाकडं गेल्या आणि सिंधु आपली चादरीची घडी घालत राहिली. एकच चादर, तीनदा.

आता हे दुखणं काय, ते सांगायला पाहिजे. सीएमव्ही नावाचा विषाणू आहे तो. नाव इंग्रजी आहे म्हणून कुठून परदेशातून आला असं समजू नका. तुमच्याआमच्या बहुतेकांच्या अंगात तो लहानपणीच शिरतो आणि आयुष्यभर गप पडून राहतो, कुणाला पत्तासुद्धा लागत नाही. पण दुसऱ्याची किडनी अंगात टिकावी म्हणून माणसाची प्रतिकारशक्ती औषधं देऊन मुद्दाम दाबून ठेवतात. राखणदार झोपला की हा उठतो. शिवाय ज्याची किडनी घेतली त्याच्या अंगातला, निराळ्या प्रकारचा, तोही किडनीबरोबर येतो. किडनी बसवताना मॅडमनी हे समजावलं तेव्हाच शेषेराव म्हणाला होता, "प्रकार काय, वाण म्हना की मॅडम. आमच्या कापसासारखं." हे वाण उठू नयेत म्हणूनच त्या गुलाबी गोळ्या, सकाळी दोन, न चुकता.

आणि सिंधु त्रेचाळीस दिवस त्यातली एकच देत होती.

मुद्दाम नवऱ्याला मारायला कुणी बायको असं करत नाही. झालं ते असं.

किडनी मिळायच्या आधी दोन वर्षं शेषेराव डायलिसिसवर होता. त्याच्या शेजारच्या मशीनला लातूरचा चांदपाशा. शेरवानी शिवावी तर चांदपाशानं, असं लातुरात म्हणायचे. बायकोचं, बानोचं, माहेर नांदेडचं, म्हणून दोघं पोरांना घेऊन इथं सासुरवाडीला येऊन राहिले होते. आत नवरे मशीनला आणि बाहेरच्या बाकड्यावर या दोघी. दोन वर्षं एका बाकड्यावर बसून बायकांचं काय होतं ते बायकांनाच ठाऊक. सिंधुच्या डब्यातली ज्वारीची भाकर बानो खायची, बानोच्या डब्यातली खट्टी दाल सिंधु. केवळाबाईपासून लपवून सिंधु रडायची ती बानोच्या खांद्यावर. बानोला रडू आलं की मात्र ती हसायची, आणि ते बघवायचं नाही.

मग एक दिवस एका अपघातात गेलेल्या मास्तरीणबाईच्या घरच्यांनी तिच्या दोन्ही किडन्या दिल्या. एक शेषेरावाला, एक चांदपाशाला. एकाच दिवशी. दवाखाना कुणाची कुणाला ते सांगत नाही, पण दोन शेजारचे पलंग एकाच सकाळी आत गेल्यावर सांगायचं काय राहतं? शुद्धीवर आल्यावर शेषेराव म्हणाला, "पाशाभाई, आता आपन भाऊ झालो." चांदपाशा म्हणाला, "दूधभाई सुने थे भाई, अपन मूतभाई हो गए." टाके दुखेपर्यंत दोघं हसले. सिस्टर ओरडली तेव्हा गप झाले.

दीड महिन्यानं चांदपाशा लातूरला गेला, दुकान उघडायची घाई. पुढची तपासणी तिथल्याच डॉक्टरकडं. शेषेराव-सिंधु नांदेडातच दवाखान्याजवळ खोली घेऊन राहिले, कारण मॅडमनी सहा महिने गावाकडच्या धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं होतं.

दिवाळीच्या सुमाराला बानोचा फोन आला. "आपा, वो गुलाबी गोली लातूर में मिलच नै रई. छे दिन हो गए. मेडिकलवाला बोलता आज आती, कल आती."

तिच्याकडं तर डबी भरलेली होती. नांदेडच्या दवाखान्यातून वेळेवर मिळत होत्या. समोर दोन गोळ्या आणि तिकडं बानोच्या घरी एकही नाही. हे तिला बघवेना.

आमच्याकडं एक रीत आहे. शेतात काही नवं निघालं की घरात शिजायच्या आधी त्यातला वानवळा आपल्या माणसांकडं जातो. शेंगा निघाल्या, शेंगा गेल्या. हुरडा आला, हुरडा गेला. घरात कमी पडतंय म्हणून कुणी वानवळा ठेवून घेत नाही. तसं करणाऱ्या घराला गावात नाव ठेवतात. त्या आठवड्यात केवळाबाईनं गावाकडून तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. सिंधुनं त्यातल्या दोन शेर शेंगा पिशवीत भरल्या, त्यात कागदात बांधून सात गोळ्या ठेवल्या, आणि नायगावचाच मल्लेश लातूरच्या एसटीवर ड्रायव्हर होता त्याच्या हाती पिशवी दिली. लातूरच्या स्टँडवर बानो उभीच होती. त्यानंतर दर सोमवारी पिशवी.

सिंधुचा हिशेब असा: दोनांतली एक द्यायची, दोघांना एकेक होते. कुणीच उपाशी नाही. आणि मॅडम तरी काय करत होत्या? दर महिन्याला इतर गोळ्या कमीच तर करत होत्या. ही आठाची चार केली, ती चाराची दोन. तसंच हीसुद्धा पुढंमागं कमी होणारच की! शेषेराव तर तेव्हा ठणठणीत, दोन भाकरी मागून खात होता. तिला वाटलं, महिन्याभराचा प्रश्न आहे.

नवऱ्याला विचारलं नाही. का नाही विचारलं, याचं उत्तर तिनं स्वतःला शंभर वेळा दिलं आणि दर वेळी वेगळं दिलं. तो नाही म्हणाला असता तर पाशाभाईचं काय, ही एक भीती. आणि तो हो म्हणाला असता, दोन्ही देऊन टाक म्हणाला असता, ही दुसरी. त्यापेक्षा आपल्या जिवावर केलेलं बरं. रोज सकाळी अकरा गोळ्या त्याच्या हातावर ठेवायच्या, तो न बघता तोंडात टाकायचा. दहा ठेवल्या तर हाताला कळेल म्हणून तिनं अकरावी पांढरी कॅल्शियमची ठेवली. बाकी सगळ्याला सबब होती, या पांढऱ्या गोळीला नव्हती.

आणि तिकडं काय झालं? रोजची एक मिळतेय म्हटल्यावर बानोनंही मेडिकलवाल्याच्या डोक्यावर बसायचं सोडलं. डॉक्टरला सांगायचं राहिलं. माल आल्यावरही चार दिवस तिला कळलं नाही. सिंधुच्या पिशवीची वाट नसती तर ती त्या दुकानासमोर ठाण मांडून बसली असती, नक्की.

चांदपाशा जानेवारीत आजारी पडला. शेषेराव त्यानंतर पंधरा दिवसांनी.

तर त्या बाराव्या दिवशी, राउंड झाल्यावर, दुपारी सिंधु पाण्याची बाटली भरायला जिन्याजवळ गेली आणि फोन वाजला. बानो. आवाज इतका बारीक की आधी वाटलं तिची पोरगी सदफ बोलतेय.

"आपा, इनका रिपोर्ट आया. बीमारी ढीट हो गई बोलरे डाक्टर. दवा कामच नै करती उसपे."

"म्हंजे?"

"कम दवा खाने से ऐसा होता बोले. वो मरती नै, सीख लेती. पूछे मेरेकू, कम खिलाए क्या? पैले पूछे थे तब मैं झूट बोली थी आपा. पूरी खाते बोलके. तुमारा नाम नै आना करके. तीन हफ्ते वोच दवा चढ़ाते रहे. अब दूसरी लगाए. सांस की मशीन पे हैं. आँखां नै खोलरे."

सिंधु जिन्याच्या पायरीवर बसली. हातातली बाटली नळाखालीच राहिली, पाणी वाहून चाललं होतं.

"तुमारे साब कैसे हैं?" बानोनं विचारलं. "वोच दवा चालू है ना? तुम बोले क्या डाक्टर को?"

"न्हाई."

"बोल दो आपा. मेरे वास्ते चुप नक्को बैठो. मैं बैठी, देखो क्या हुआ."

फोन ठेवल्यावर सिंधुनं नळ बंद केला. बाटलीचं झाकण काही केल्या बसेना. एकाच बाईच्या दोन किडन्या, त्याच अर्ध्या गोळ्या, तेच दिवस. मग रोग तरी वेगळा कसा असेल? तिचा नवरा तीन आठवड्यांच्या वाटेवर बारा दिवस चालून झाला होता आणि ही तोंडात मिठाची गुळणी धरून चादरीच्या घड्या घालत बसली होती!

तरी लगेच गेली नाही हो ती. खरं ते सांगावं. दोन वाजता फोन आला आणि पाच वाजेपर्यंत ती व्हरांड्यात फिरत राहिली. तिला मरणाची भीती वाटली. शेषेरावाच्या मरणाची तर होतीच, पण लाज म्हणून एक असते ना, ती मरणाच्या पुढं जाऊन उभी राहते. पंचवीस माणसांच्या भावकीत जिचं नाव निघतं, सासू जिला डोक्यावर घेऊन नाचते, तिनं नवऱ्याच्या हातावर खोटी गोळी ठेवली. हे तोंडानं कसं म्हणायचं? एकदा वाटलं मॅडमना एकटीला गाठून सांगावं. मॅडमच्या खोलीपर्यंत गेली, दाराशी चार माणसं उभी होती, परत फिरली. देवी रेणुकेला म्हणाली, रिपोर्ट लवकर येऊ दे, म्हणजे मला बोलायला नको. देवीकडं काय मागावं याचंही भान सुटलं होतं.

पाचच्या राउंडला मॅडम आल्या, तापाचा कागद बघितला, एकशे तीन. पेन उघडलं.

"मॅडम," सिंधु म्हणाली, "गोळी एकच दिली मी."

"कुठली?"

"गुलाबी. दोनातली एक. त्रेचाळीस दिवस. एक लातूरला पाठवत होते मी, चांदपाशाभाईला. त्यांना मिळत नव्हती." आणि मग थांबता येईना. एसटी, पिशवी, शेंगा, पांढरी गोळी, बानोचा फोन, सगळं एका दमात. बोलताना ती मॅडमच्या गळ्यातल्या तपासायच्या नळीकडं बघत होती. पलंगाकडं बघायची छाती झाली नाही.

केवळाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "काय केलंस गं भवाने! माझ्या लेकराच्या तोंडातलं औषध काढून दिलंस?" शेजारच्या पलंगावरचे नातेवाईक वळून बघायला लागले.

मॅडम ओरडल्या नाहीत. पेन बंद करून त्या एवढंच म्हणाल्या, "हे मला बारा दिवसांपूर्वी हवं होतं." मग बाहेर जाऊन लातूरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून आल्या. परत आल्या त्या सरळ शेषेरावाजवळ बसल्या.

"शेषेराव, नीट ऐका. अर्ध्या डोसमुळं विषाणू या औषधाला दाद देईनासा होतो. चांदपाशांच्या बाबतीत तसंच झालंय. दोघांना एकाच दात्याची किडनी, दोघांना अर्धा डोस. तुमचा रिपोर्ट वेगळा येईल असं समजायला मला काही कारण दिसत नाही. दुसरं औषध आहे. ते जालीम आहे. विषाणू मरेल, पण ते किडनीवर उलटतं. किडनी राहीलच असं मी सांगू शकत नाही. गोळ्या पूर्ण घेतल्या असत्या तर मी रिपोर्टपर्यंत थांबले असते. आता थांबायला भीती वाटते."

शेषेराव वर पंख्याकडं बघत होता. "अर्धं औषध मारल्यावर अळी मरत न्हाई मॅडम," तो हळू म्हणाला. "पक्की होते. गावात मी समद्यांला शिव्या देतो यावरून. औषध पातळ करू नका रे, म्हनून." मग त्यानं विचारलं, "पाशाभाईला ते दुसरं कधी दिलं?"

"उशिरा. तीन आठवड्यांनी."

"मग द्या मला. कुठं अंगठा करायचा ते सांगा."

"सही येते की तुम्हाला," मॅडम म्हणाल्या.

"आज न्हाई येत."

त्यानं सिंधुकडं एकदाही बघितलं नाही. पॅडवर अंगठा टेकवायला त्याचा हात मॅडमनीच धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं केवळाबाई गावाकडं गेली. जाताना सिंधुच्या हातचा चहा तिनं घेतला नाही, कपाला हातसुद्धा लावला नाही. तिसऱ्या दिवशी लातूरला चांदपाशा गेला. बानोच्या भावानं फोन केला. सिंधुला जाता आलं नाही, कारण शेषेरावाला त्या दिवशी थंडी वाजून इतका ताप चढला होता की तो पाशाभाईलाच हाका मारत होता. पाशाभाई गेल्याचं शेषेरावाला चार दिवसांनी सांगितलं. ऐकून तो म्हणाला, "मला कळलं व्हतं." कसं, ते सांगितलं नाही.

नवं औषध सुरू होऊन आठ दिवस झाले आणि ताप उतरला. रक्त थांबलं. तोंडातले फोड सुकले, शेषेरावानं वाटीभर पेज मागून खाल्ली. सिस्टर हसून म्हणाली, जिंकलात. पण लघवीच्या पिशवीत रोज कमी कमी उतरत होतं, आणि सिंधुला ते सगळ्यांच्या आधी दिसलं. आधी रंग बदलला. मग पिशवीचं माप खाली आलं. मग एक दिवस तळाशी चमचाभर. पाय सुजले. मॅडमनी औषध थांबवून बघितलं, सलाइन देऊन बघितली, जिवाचं रान केलं बाईनं. पंधराव्या दिवशी शेषेराव पुन्हा डायलिसिसच्या मशीनला लागला. किडनी गेली ती गेलीच.

सिंधुनं स्वतःला सांगितलं, किडनी गेली, माणूस राहिला. आपण बोललो म्हणून राहिला. एवढं एकच काठीसारखं हातात धरून ती उभी होती, दुसरं काही नव्हतंच तिच्यापाशी. शेषेराव तिच्याशी लागेल तेवढंच बोलायचा. पाणी दे. उशी सरकव. तेही तिला चालत होतं.

मग रिपोर्ट आला.

मॅडमनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. दोन कागद समोर ठेवले, एक शेषेरावाचा, एक लातूरहून मागवलेला. दोन्ही एकाच प्रयोगशाळेतले.

"सिंधुताई, बसा." त्यांनी चष्मा काढला. "चांदपाशांच्या अंगात होता तो दात्याकडून, त्या बाईंकडून आलेला प्रकार. तोच औषधाला न जुमानणारा झाला. शेषेरावांच्या रक्तात तो प्रकार नाहीच. त्यांच्या अंगात उठला तो त्यांचा स्वतःचा, लहानपणापासूनचा. आणि तो पहिल्या औषधाला दाद देणारा आहे. बिघडलेला नाही."

सिंधुला आधी कळलंच नाही. ती कागदाकडं बघत राहिली, जणू तिला इंग्रजी येत होतं.

"म्हंजे पहिल्याच औषधानं..."

"उतरला असता बहुतेक. हळू उतरत असेल. अर्ध्या डोसमुळं तो उठला, हे खरं आहे. पण पक्का झाला नव्हता."

"मी गप बसले असते तर तुमी रिपोर्टपतूर थांबला असता."

मॅडमनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. मग म्हणाल्या, "मला जे कळलं होतं त्यावर मी आजही तेच केलं असतं. तुम्ही सांगितलंत ते बरोबरच केलंत."

"किडनी राहिली असती."

"कदाचित."

सिंधु उठली. दार कसं उघडतं ते तिला आठवेना, मॅडमनी उठून उघडून दिलं. एकदा खोटं वागली तेव्हा रोग उठला. एकदा खरं बोलली तेव्हा किडनी गेली. ती व्हरांड्यातून चालत होती आणि तिला कुणाच्या तरी अंगावर धावून जावंसं वाटत होतं. पण कुणाच्या? मॅडमच्या नाही, बानोच्या नाही, आणि मेलेल्याच्या तर नाहीच नाही.

शेषेराव मशीनला लागलेला होता. दोन नळ्यांतून रक्त जात होतं, येत होतं. "काय म्हनल्या?" त्यानं विचारलं. खूप दिवसांनी त्यानं आपण होऊन काही विचारलं होतं.

तिला खोटं सांगता आलं असतं. कागद इंग्रजीत होता आणि मॅडम आपण होऊन काही बोलणार नव्हत्या. पण तिनं सगळं सांगितलं, जसंच्या तसं, शेवटच्या कदाचितसकट. उभ्या उभ्याच सांगितलं.

शेषेरावानं ऐकून घेतलं. "मी लोकांला सांगत व्हतो, खरं बोलली म्हनून वाचलो," तो म्हणाला. "सिस्टरला सांगितलं. तुला सांगनार व्हतो. दोन दिवस झाले मनात येत व्हतं, की हिच्याशी बोलावं आता. आता काय बोलू? माझं मन तेवढं मोठं न्हाई सिंधु. तुला बरं वाटंल असं काई माझ्यापाशी न्हाई."

"मी मागत न्हाई," ती म्हणाली आणि रडायला लागली. त्यानं तिला गप केलं नाही, जा असंही म्हणाला नाही.

तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. बानो. नवरा गेल्यावरची इद्दत पाळायची म्हणून ती घराबाहेर पडत नव्हती, पण दोन दिवसाआड फोन करायची. सिंधुनं उचलला नाही. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा शेषेराव म्हणाला, "घे." रडत्या डोळ्यांना बटण दिसेना, कानाला लावायच्या आधी स्पीकरच चालू झाला.

"आपा? साब का रिपोर्ट आया क्या? आज आनेवाला था ना?"

सिंधुनं शेषेरावाकडं बघितलं.

"बोलो ना आपा. वोच निकला ना? इनके जैसाच? मैं रोज नमाज में येच बोलती. इनका रिपोर्ट आया करके मैं तुमकू बोली, तुम डाक्टर कू बोले, तुमारे साब बच गए. किडनी गई तो गई, जान बची. सदफ कू भी येच बोलती मैं. अब्बा गए, मगर जाते जाते एक की जान बचा के गए. वरना मैं कैसा जीती आपा? झूट बोल के मैंच मार दी उनकू, येच आता मन में."

सिंधुनं मान खाली घातली. आपल्याच्यानं हो म्हणवणार नाही हे तिला कळलं. नाही म्हणणं तर त्याहून कठीण होतं. मशीन घरघरत होतं आणि तिकडं बानो वाट बघत होती.

शेषेरावानं मोकळा हात पुढं केला. सिंधुनं फोन त्याच्या तोंडाजवळ धरला.

"भाभी, मी शेषेराव," तो म्हणाला. "हाव. आला रिपोर्ट. तोच निघाला. पाशाभाईच्या रिपोर्टनंच वाचलो मी. सदफला सांगा, काका म्हनला म्हनून."

तिकडून नुसतं रडणं ऐकू आलं, मोठमोठ्यानं, मोकळं. चांदपाशा गेल्यापासून बानो पहिल्यांदा तशी रडत होती. शेषेराव ते संपेपर्यंत ऐकत राहिला, मधे दोनदा हाव, हाव म्हणाला. फोन बंद झाल्यावर त्यानं डोळे मिटले आणि सिंधुला बाहेर जाऊन बसायला सांगितलं.